रॉड मोडला म्हणून रॉडच दोषी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंजिनाचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) मोडला तर सगळे बेअरिंग शेल मांडून कारण शोधा, या माझ्या सल्ल्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : रॉड मोडला म्हणजे रॉडच कमी पडला; फोर्ज्ड (ठोकून घडवलेला, जास्त मजबूत) रॉड टाका, २०डब्ल्यू५० हे जाड ऑइल भरा, विषय संपला. चारही सिलिंडरचे बेअरिंग शेल (रॉड आणि क्रँकच्या मधल्या अर्धगोल पातळ वाट्या) काढून टेबलावर मांडणं मुंबईतल्या गॅरेजला परवडत नाही.

परवडण्याचं आधी. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला की इंजिन खाली उतरतंच. मग उरलेले शेल काढून, मागच्या बाजूला सिलिंडर नंबर आणि ‘वरचा’-‘खालचा’ असं मार्करनं लिहून ठेवायला कितीसा वेळ लागतो? वेळ वाया जातो तो शेल एका डब्यात टाकून डिझेलनं धुतल्यावर. मग कुठला शेल कुठला, हे कोणीच सांगू शकत नाही.

मोडलेल्या सिलिंडरमध्ये फारसा पुरावा उरत नाही, सगळं एकमेकांवर आपटून चेचलेलं असतं. खरी माहिती शेजारच्या तीन सिलिंडरांत मिळते. तरी मोडलेल्याचा बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं मोठं टोक, आधी बघा. तो निळा-काळा पडला असेल तर आधी बेअरिंग जळलं आणि मग रॉड गेला. रंग बदललेलाच नसेल तर संशय कॅप (बिग एंडचा खालचा अर्धा भाग) आवळणाऱ्या बोल्टवर किंवा रॉडच्या दांड्यावर. बोल्टच्या तुटलेल्या तोंडावर एका बाजूला गुळगुळीत भाग आणि त्यात वळ्या-वळ्या दिसल्या तर तो हळूहळू चिरत गेलेला, म्हणजे बहुधा नीट ताणून बसवलेला नव्हता. मानेशी बारीक होऊन तुटला असेल तर एकदम जास्त ताण आला.

आता शेल. फक्त वरचे, म्हणजे रॉडच्या बाजूचे शेल मार खाल्लेले असतील तर डेटोनेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका : ठिणगीचं टायमिंग, पेट्रोल, बूस्ट (टर्बोचा दाब) तपासा. खालचे, कॅपच्या बाजूचे झिजलेत किंवा दोन शेलच्या जोडाजवळ दोन्हीकडे घासल्याच्या खुणा आहेत, तर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जास्त झालाय. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन रॉडला वर खेचतो आणि बिग एंड उभा ताणला जाऊन जोडाशी आत दबतो. हा ताण आरपीएमच्या वर्गानं वाढतो, ७००० वरून ८००० ला गेलात तर सुमारे ३० टक्के. इथे तुमचे फोर्ज्ड रॉड आणि चांगले बोल्ट खरंच कामाचे, हे मान्य. पण सगळेच शेल पुसले जाऊन खालचं तांबं दिसत असेल तर ऑइल पोचलंच नाही. तिथे कितीही महागडा रॉड तसाच जळेल.

मुंबईत एक कारण फार वेळा सुटतं. जुलैत मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात गाडी बंद पडते. प्लग काढून पाणी उडवतात, गाडी चालू होते, सगळे खूश. पण सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, म्हणून रॉड मात्र किंचित वाकलेला असतो. डिसेंबरमध्ये एक्सप्रेसवेवर पूर्ण थ्रॉटल दिला की तो मोडतो आणि दोष ट्यूनरवर (इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्यावर) जातो. खूण सोपी आहे : वरच्या शेलची एक कड झिजलेली आणि खालच्या शेलची बरोबर विरुद्ध कड. त्या सिलिंडरचा पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या जागी) बाकीच्यांपेक्षा खाली राहतो, काट्याच्या डायल गेजवर लगेच कळतं. बोअरमध्ये वरचा कार्बनचा पट्टाही रुंद दिसतो. पाण्यात बंद पडलेल्या इंजिनाची पिस्टनची ही उंची पावसाळ्यातच मोजली तर ब्लॉक वाचतो.

जाड ऑइलचं. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) आणि शेल यांच्यात ढोबळ हिशेबानं जर्नलच्या दर २५ मिमी व्यासाला ०.०२५ मिमी फट, म्हणजे ५० मिमी जर्नलला ०.०५. फट याहून कमी ठेवून २०डब्ल्यू५० भरलंत तर गेजवर प्रेशर छान दिसेल, पण बेअरिंगमधून ऑइल कमी वाहील आणि उष्णता तिथेच साठेल. गेज अडथळा दाखवतो, प्रवाह नाही. फट आधी मोजा, ग्रेड नंतर ठरवा. प्लास्टिगेजनं (दबून चपटी झाली की फट दाखवणारी बारीक प्लास्टिकची दोरी) मोजताना जर्नल आणि शेल कोरडे ठेवा आणि क्रँक अजिबात फिरवू नका.

फोर्ज्ड रॉड टाकणारच असाल तर बोल्ट नुसत्या टॉर्क रेंचवर (आवळण्याचा जोर दाखवणारा पाना) सोडू नका. साधं ऑइल लावलं की एक ताण, मॉली ग्रीस (जास्त घसरतं वंगण) लावलं की त्याच टॉर्कला जास्त ताण. बसवण्याआधी प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी मायक्रोमीटरनं लिहून ठेवा. पुढच्या वेळी खोलल्यावर ती ०.०२५ मिमीपेक्षा जास्त वाढलेली निघाली तर बोल्ट टाकून द्या. आणि शेल जागेवर धरून ठेवतो तो क्रश (कॅप आवळल्यावर शेलवर बसणारा दाब), शेलच्या कडेची ती छोटी जीभ नव्हे. शेलच्या मागे कचऱ्याचा एक कण जरी राहिला तरी तिथेच शेल तापायला लागतो.

तुमच्या इंजिनाचे शेल अजून भंगारात गेले नसतील तर न धुता, नंबरवार मांडून, दोन्ही बाजूंचे फोटो टाका. बोल्टच्या तुटलेल्या तोंडाचा एक जवळून काढलेला फोटोही हवा.