निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे गेम खपत नाहीत म्हणे!

कॉलेज रोडला चहावर गेमचा विषय निघाला की कोणीतरी हे टाकणारच, स्विचवर फक्त निन्टेन्डोचे स्वतःचे मारिओ आणि झेल्डा चालतात, बाकीच्यांचं काही खरं नाही. अरे कुठून आणता हे? मॉन्स्टर हंटर राइज मार्च २०२१ मध्ये आला तेव्हा फक्त स्विचवर होता, पीसीवर यायला २०२२ उजाडलं, आणि तो बनवणाऱ्या कॅपकॉमने पहिल्या काही दिवसांतच ४० लाखांवर कॉप्या पाठवल्या. तो काय निन्टेन्डोने बनवलाय? पण नाही, तो म्हणे अपवाद! आणि उशिरा आणलेला, अडखळणारा, कार्डात अर्धाच गेम नि उरलेला डाउनलोड करा असला पोर्ट, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून इकडे आणलेला गेम, पूर्ण किमतीला पडून राहिला की लगेच दोष स्विच घेणाऱ्यांना. का घ्यायचा तो आम्ही? डोकं उठतं राव.