प्रश्न दंडाच्या ताकदीचा नाही
डिस्क गोल्फ म्हणजे चपटी तबकडी (डिस्क) फेकत टोपलीपर्यंत नेण्याचा खेळ. वयामुळे त्यातील बॅकहँड फेक (हात छातीसमोरून आडवा नेऊन केलेली फेक) आखूड होते, तेव्हा दंडाची ताकद वाढवावी, हे या खेळावरील तुमच्या लेखातील विधान मला पटले नाही. मी ६४ वर्षांचा असून सोलापुरात होम मैदानावर सकाळी लवकर सराव करतो; दंडाच्या व्यायामाने माझे कोपर दुखावले, अंतर वाढले नाही. फरक पडला तो धावत येणे सोडून, जागेवर उभे राहून, आधी वजन पुढच्या पायावर, मग कंबर आणि शेवटी हात, या क्रमाने डिस्क छातीजवळून ओढू लागल्यावर.

लेखात राहून गेलेली, पण आमच्या वयाला सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फेकीबरोबर पुढचा पाय टाचेवर वळू देणे. तो जमिनीला खिळून राहिला, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. १७५ ग्रॅमऐवजी १५० ग्रॅमची डिस्क कमी श्रमात वेग घेते, हेही सांगायला हवे होते.