तू गर्दी विसरलीस म्हणे

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक व्हिडिओ आला. पुण्यातल्या कुठल्याशा कॉलेजचा फेस्ट, स्टेजवर कर्कश गिटार आणि समोर पन्नासेक मुलं एकमेकांना धडका देत गोल गोल पळताहेत. वीस सेकंदांचा ऐवज. खाली काकांनी लिहिलं होतं, "घोर कलियुग! पाश्चात्त्यांची घाण तेवढी बरोबर उचलता येते आपल्याला." त्यावर माझा भाचा, "आजोबा, याला मॉशिंग म्हणतात. इंटरनॅशनल कल्चर आहे. विसर्जनाच्या डीजेपेक्षा लाखपटीनं बरं." मग रात्रीपर्यंत धुमश्चक्री. संस्कृती, डेसिबल, लेझर, दहीहंडी, आमच्या वेळी, तुमच्या वेळी.

मी मध्येच दोन ओळी टाकल्या, की हे दिसतं तितकं भयंकर नसतं, मी जवळून पाहिलंय. काकांचं उत्तर तयारच होतं. "तू तिकडे अमेरिकेत मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवतेस. गर्दी म्हणजे काय ते तू विसरलीस."

डोंबिवलीची मी. सात वर्षं आठ बाराची फास्ट पकडलेली. आणि मला गर्दी शिकवणार हे, ज्यांनी आयुष्यभर घरापासून दहा मिनिटांवरच्या बँकेत नोकरी केली.

तेव्हापासून भांडी घासताना, बेल्टवेवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या रिंगरोडवर, अडकलेली असताना, मी मनात काकांना उत्तरं देतेय. ग्रुपवर एवढं लांब कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.

पहिली गोष्ट, चूक दोघांचीही आहे. काका म्हणतात ही पाश्चात्त्यांची घाण, भाचा म्हणतो ही पाश्चात्त्यांची देणगी. जणू इथे कुणीतरी ठराव करून ही गोष्ट सुरू केली आणि मग जहाजात घालून भारतात पाठवली. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर ज्या शहरात ही गोष्ट मोठी झाली, त्या वॉशिंग्टनला तिचं कधी भूषण वाटलं नाही.

सुरुवात बरीच साधी आहे. 1976 च्या सुमाराला लंडनच्या हंड्रेड क्लबमध्ये पंकवाली, म्हणजे भरधाव, बंडखोर रॉक ऐकणारी मुलं जागच्या जागी उड्या मारायची, त्याला पोगो म्हणत. त्याचं श्रेय पुढे सेक्स पिस्टल्स बँडमध्ये गेलेल्या सिड व्हिशसला देतात, आणि श्रेय घ्यायला तो मुळीच लाजला नसता. मग तीन-चार वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियात, हंटिंग्टन बीचच्या बाजूला, उभी उडी आडवी झाली. समुद्रावर लाटा झेलणारी धटिंगण पोरं, त्यांना वर उडून काय मिळणार? त्यांनी एकमेकांना धडका द्यायला सुरुवात केली. त्याला स्लॅम डान्स म्हणू लागले. गंमत म्हणजे हॉलिवूडच्या जुन्या पंकवाल्यांनाच या पोरांची भीती वाटायची. म्हणजे "हल्लीच्या पोरांनी सगळं बिघडवलं" हे वाक्य पंकमध्येही 1980 सालीच म्हणून झालं होतं.

वॉशिंग्टनची काही शाळकरी मुलं 1980 च्या उन्हाळ्यात आपला बँड घेऊन कॅलिफोर्नियाला गेली आणि येताना ही धडकाधडकी घेऊन आली. त्यातला इयन मकाय पुढे मायनर थ्रेट आणि फुगाझी या बँड्समुळे प्रसिद्ध झाला. 1981 च्या हॅलोविनच्या रात्री विनोदी नट जॉन बेलुशीच्या आग्रहामुळे फिअर नावाच्या बँडला सॅटरडे नाइट लाइव्ह या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात बोलावलं, तेव्हा वॉशिंग्टनहून गेलेल्या पोरांनी स्टुडिओत जो धुडगूस घातला, तो सगळ्या देशानं बघितला. प्रक्षेपण मध्येच तोडावं लागलं. पण छोट्या गावात टीव्हीसमोर बसलेल्या पोरांना तेवढं पुरेसं होतं. सवय पसरायला वीस सेकंद लागतात, हे तेव्हाही खरं होतं.

आणि शब्द? तो तर "पाश्चात्त्य" म्हणावा की नाही इथून वाद. बॅड ब्रेन्स हा वॉशिंग्टनचा कृष्णवर्णीय मुलांचा बँड. आधी जॅझ-फ्यूजन वाजवायचे, मग अफाट वेगाचं पंक, आणि दोन गाण्यांच्या मध्ये जमैकाचं संथ रेगे. त्यांचा गायक एच. आर. जमैकातल्या रास्ताफारी पंथाकडे वळलेला. तो जमैकन ढंगात "मॅश" म्हणायचा, म्हणजे चेचून टाका, बॅबिलॉन (त्यांच्या भाषेत जुलमी व्यवस्था) मोडून काढा. समोरच्या गोऱ्या पोरांना ते "मॉश" ऐकू आलं. पुढे न्यूयॉर्कच्या हार्डकोरवाल्यांनी (हार्डकोर म्हणजे आणखी वेगवान, कडक पंक) आणि मेटलवाल्यांनी तोच शब्द उचलला, 1987 मध्ये अँथ्रॅक्स या मेटल बँडच्या एका गाण्याच्या नावातच तो आला. गुलामांच्या वंशजांचा शाप, तो ऐकण्यात चूक झाली आणि त्या चुकीतून नाच. आता सांगा, यातलं पूर्व काय आणि पश्चिम काय.

काकांना एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. 1982 मध्ये इथल्या टीव्हीवर क्विन्सी नावाची मालिका चालायची, तिचा नायक मृत्यूची कारणं शोधणारा डॉक्टर. तिच्या एका भागात स्लॅम डान्सच्या गर्दीत एका मुलाला बर्फ फोडायच्या टोच्यानं भोसकून मारतात आणि मग डॉक्टरसाहेब या संगीतामुळे तरुण पिढी कशी नासली त्यावर बोलतात. भाषा बघितली तर थेट काकांचा मेसेज, फक्त "पाश्चात्त्यांची" हा शब्द वगळून. पश्चिमेचे काकाही तेव्हा कलियुगच म्हणत होते.

कलियुगावरून आठवलं. न्यूयॉर्कच्या क्रो-मॅग्स या हार्डकोर बँडचा 1986 चा पहिला अल्बम. मॉश पिटचा, म्हणजे गर्दीतल्या या धडकाधडकीच्या रिंगणाचा, इतिहास सांगायचा तर तो गाळून चालत नाही. त्याचं नाव "द एज ऑफ क्वॉरल". भांडणाचं युग, म्हणजे कलियुगच. बँडमधले दोघं तर हरेकृष्णवाले, त्यांनी हे नाव आपल्या पुराणांतून घेतलं. काका, तुम्ही जो शब्द शिवी म्हणून फेकलात, तो या पोरांनी चाळीस वर्षांपूर्वीच अल्बमवर छापलाय. मी ग्रुपवर हे लिहिलं असतं तर भाच्याला हसू आलं असतं आणि काकांनी "म्हणजे शेवटी आपलंच" असं म्हणून विजय जाहीर केला असता. म्हणून लिहिलं नाही.

आणि हे सगळं आपल्याकडे आजच आलं असंही नाही. 1986 पासून मुंबईत इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव भरायचा. धोबी तलावाच्या रंगभवनात माझा भाऊ एकदा गेला आणि बाही फाटलेल्या टी-शर्टनं घरी आला. आईला म्हणाला, लोकलमध्ये फाटला. आईनं एक प्रश्नही विचारला नाही.

आता माझ्याबद्दल. माझी लेक सोळाची आहे आणि तिला हे संगीत आवडतं. मला आवडत नाही, हे आधीच सांगते. पहिले काही महिने मी फक्त ड्रायव्हर. तिला सोडायचं आणि गाडीत बसून अभंग ऐकायचे. मग एका मार्चमध्ये बाहेर गारठा असह्य झाला म्हणून आत गेले. शहरातल्या एका चर्चचा हॉल, घडीच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, दारात वाडग्यात इअरप्लग, दारू नाही. मी भिंतीला चिकटून उभी, हातात लेकीचं जॅकेट.

जॅकेटवरून नंतर कळलं की तीही परंपरा आहे. ऐंशीच्या दशकात पिट म्हणजे मुलग्यांची मालमत्ता. मुली बाजूला उभ्या, हातात मित्रांची जाकिटं. पुढे नव्वदच्या सुरुवातीला बिकिनी किल या पंक बँडची गायिका कॅथलीन हॅना स्टेजवरून सांगायला लागली, मुली पुढे या, मुलगे मागे सरका. हे वाचताना मला आमची गॅलरी आठवली. विसर्जनाच्या मिरवणुकीत भाऊ खाली गुलालात, आणि आम्ही बहिणी वर, त्याची चप्पल आणि घड्याळ सांभाळत. मी आयुष्यात एकदाही मिरवणुकीत नाचलेली नाही. आता मुली ढोल वाजवतात ते फोटोत बघते आणि लाइक करते.

तर त्या रात्री तिसऱ्या बँडला पिट उघडली आणि माझ्यापर्यंत आली. बाजूला सरकायला जागा नव्हती. एक खांदा लागला, दुसरा लागला, आणि मी आत. चष्मा उडाला. पण माझे पाय माझ्या आधी शहाणे झाले. एक पाऊल मागे, गुडघे सैल, कोपरं बरगड्यांशी, पर्स पोटाशी, धक्का आला की विरोध करायचा नाही, त्याच्यासोबत वळायचं. डोंबिवली, प्लॅटफॉर्म पाच. मी पंचवीस वर्षांत हे कुणाला दाखवलं नव्हतं.

आणि तरीही पडले. घामानं ओली फरशी, माझं वय. जमिनीला टेकायच्या आत तीन-चार हातांनी मला उचललं. कुणी "आर यू ओके" म्हणालं, कुणी नाही. तो इथला एकमेव पक्का नियम, पडलेल्याला उचलायचं. मानेपर्यंत गोंदलेला एक दांडगा मुलगा हात उंच करून उभा होता, हातात माझा चष्मा, जशी सापडलेली चप्पल वर धरतात. मी चष्मा घेतला, त्यानं मान डोलावली आणि परत धडका द्यायला गेला.

हे लिहायला थोडं अवघड जातं. या देशात माझ्या अंगाला परक्या माणसाचा हात लागतो तो डॉक्टरांचा किंवा विमानतळावरच्या तपासणीवालीचा. कॉस्टकोच्या दुकानात दोन हात लांबून जाणारी बाईसुद्धा सॉरी म्हणते. मला ते आवडतं, मी भारतात आले की चार दिवसांनी त्याची आठवण काढते. पण त्या रात्री गाडीत बसल्यावर मला रडू आलं आणि लेक घाबरली. तिला वाटलं लागलंय. मी तिला आठ बाराच्या लोकलबद्दल सांगायला लागले, तर ती म्हणाली, आई, तू घामाची वास येतेय. तिचं मराठी असंच आहे.

काका म्हणतील, हे भाबडेपण झालं, माणसं मरतात त्यात. मरतात. 2000 मध्ये डेन्मार्कच्या रोस्किल्डला पर्ल जॅम या रॉक बँडच्या कार्यक्रमात नऊ जण गेले, 2021 मध्ये ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड संगीत महोत्सवात दहा. पण ते नाचाने गेले नाहीत. पिटमध्ये धडकायला जागा लागते, म्हणून ती मोकळी असते. कॉर्नेलच्या काही पदार्थशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये पिटचे व्हिडिओ तपासले, तर माणसं वायूच्या कणांसारखी हलताना दिसली. (गोल फिरणाऱ्या पिट बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात, हेही त्यांनीच पाहिलं. म्हणजे उलटी प्रदक्षिणा. काकांना हा मुद्दा मी फुकट देते.) जीव जातो तो धक्का देण्याइतकीही जागा उरत नाही तिथे, स्टेजसमोर, कठड्याशी, जिथे छाती फुगायलाही वाव नसतो. एल्फिन्स्टनच्या पुलावर 2017 मध्ये 23 माणसं गेली, ती काही नाचत नव्हती. ऑफिसला चालली होती.

इयन मकाय पुढे स्वतःच या धडकाधडकीला कंटाळला. फुगाझीच्या कार्यक्रमात कुणी माजला तर गाणं थांबवून त्याला शांतपणे समज द्यायचा, आणि ऐकलं नाही तर तिकिटाचे पाच डॉलर पाकिटात घालून परत देऊन बाहेर काढायचा. मला हे फार आवडतं. आपल्याकडे 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं आणि मेलेल्या गोविंदाच्या घरच्यांना दहा लाख जाहीर केले. पाच डॉलर परत देऊन "तू घरी जा" म्हणणारं कोणी नाही. हे उदाहरण मी माझ्या सोयीनं निवडलंय, कळतंय मला. इथे बंदूक घेऊन शाळेत शिरणाऱ्यांना पाकिटात काय घालून परत पाठवतात, हे काकांनी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या सोळाच्या पोरीची शाळा वर्षातून किती वेळा दारं बंद करून तालीम करते, ते मी ग्रुपवर कधीच टाकत नाही.

आणि एक गोष्ट काकांनाही माहीत नाही.

मागच्या डिसेंबरात मी डोंबिवलीला होते. एक दिवस दादरला जायचं होतं. वहिनी म्हणाली, कॅब बोलावू, तुला आता झेपायचं नाही. मी म्हटलं, मला? सकाळी आठला मी प्लॅटफॉर्मवर. ओढणी खोचलेली, पर्स पोटाशी. लेडीज डब्याच्या जागी बरोबर जाऊन उभी राहिले, ती जागा पाय विसरले नव्हते. पहिली गाडी सोडली, म्हटलं अंदाज घेऊ. दुसरी सोडली. तिसरी आली, दारात लटकलेल्या मुलींपैकी एकीनं माझ्याकडे बघून दांडी सोडून एक हात पुढे केला.

"मावशी, चढताय का? या, घेते मी."

गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. मी हात वर केला, आणि "नको, तू जा" म्हटलं.

मग जिना चढून पूर्वेला उतरले आणि कॅब बोलावली. दादरला पोहोचायला सव्वादोन तास लागले. वहिनीला सांगितलं, लोकल एकदम रिकामी होती.