‘सही आणि चेक घेतला की वसुली आपल्या हातात’ : हा मेसेज मानू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दुकानदारांच्या आणि व्याजी पैसे देणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: जबरदस्तीच्या वसुलीविरुद्धचा कर्नाटकचा नवा कायदा फक्त मोठ्या मायक्रोफायनान्स (छोटी कर्जं देणाऱ्या) कंपन्यांना आहे, वसुलीला माणूस नेमला की आपण मोकळे, कोरा चेक हातात असला की कोर्टाची भीती नाही, आणि पैसे महाराष्ट्रातून दिले असतील तर कर्नाटकचा कायदा लागतच नाही. यावर विसंबून वागणाऱ्याचे पैसे तर बुडतीलच, वर त्याच्यावर फौजदारीही होईल.

‘कायदा मोठ्यांसाठी’ हे तर अगदी उलट आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका आणि वित्तीय कंपन्यांना हा राज्याचा कायदा लागत नाही, त्यांना रिझर्व्ह बँकेचेच नियम आहेत. १२ फेब्रुवारी २०२५ ला अध्यादेश निघाला आणि नंतर त्याचा कायदा झाला, तो उरलेल्यांसाठी, म्हणजे गावोगाव चिठ्ठीवर पैसे फिरवणाऱ्यांसाठी. त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदणी करायची आहे. नोंदणी नसलेल्यानं दुर्बल घटकातल्या माणसाला दिलेलं कर्ज व्याजासकट फिटलं असं कायदा धरतो, आणि त्याच्या वसुलीचा दावा दिवाणी कोर्ट घेत नाही. जबरदस्ती केली तर १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड.

जबरदस्ती म्हणजे मारहाणच, असा समज मला सगळ्यात घातक वाटतो. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या घरात नवरा कामाला गोव्याला गेलेला असतो. दिवेलागणीला दोघं येतात, बाईक दारात आडवी लावतात, कट्ट्यावर बसतात. आवाज चढवत नाहीत. शेजारच्या बायका खिडकीतून बघत राहतात. घरातली बाई म्हणते, शनिवारी देते. ते म्हणतात, तोवर रेशनकार्ड द्या. कुणी अंगाला हात लावलेला नाही. तरीही घरी वारंवार खेटे घालणं, घरच्यांचा अपमान करणं, सरकारी योजनेचा लाभ देणारा कागद जबरीनं नेणं हे सगळं या कायद्यात जबरदस्तीतच मोडतं. त्या बाईच्या मनावर काय गुजरतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला हा कायदा कडक वाटणार नाही.

नेमलेल्या माणसाचं म्हणाल, तर त्याच्या आडून सुटका नाही. बाहेरच्या एजंटकडून दबाव आणणं हीसुद्धा या कायद्यानं जबरदस्तीच ठरते. बँका आणि वित्तीय कंपन्यांना तर रिझर्व्ह बँकेनं बजावूनच ठेवलंय की एजंटच्या वागण्याची जबाबदारी त्यांचीच. मायक्रोफायनान्सच्या हप्त्यासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोनही करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी ठरवलं. त्याच निर्देशांप्रमाणे कर्जाचे कागद कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत हवेत. येळ्ळूर-कंग्राळीकडच्या बायकांनी इंग्रजी कागदावर अंगठा उठवला, तर चूक त्यांची नव्हे, कागद देणाऱ्याची.

कोऱ्या चेकचं थोडक्यात. चेक न वटल्यास लागणारं कलम १३८ हे कायद्यानं वसूल होऊ शकणाऱ्या देण्यासाठीच आहे. नोंदणीअभावी ते कर्जच फिटलं असं धरलं गेलं, तर चेकचा आधार निघून जातो. शिवाय या कायद्याखालच्या सावकारानं तारण मागायचंच नाही.

चंदगड, गडहिंग्लज, कागलकडून पैसे देणाऱ्यांनी सीमेचा आधार धरू नये. धमकी कर्नाटकातल्या हुक्केरीत दिली तर गुन्हा हुक्केरीत घडला, मग भारतीय न्याय संहितेचं गुन्हेगारी धमकीचं कलम ३५१ आहेच. महाराष्ट्रातही २०१४ च्या सावकारी कायद्यानं परवाना लागतो. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ज्यांची उधारी खरी आणि व्यवहार स्वच्छ आहे, त्यांना रस्ता मोकळा आहे. लेखी नोटीस पाठवा, लोक अदालतीत तडजोड करा, नाहीतर दिवाणी दावा लावा. फक्त मुदतीकडे लक्ष ठेवा. साध्या उधारीच्या दाव्याला सहसा ३ वर्षांची मुदत असते. त्या काळात बाकीदारानं बाकी मान्य असल्याचं लिहून सही दिली, तर मुदत त्या सहीपासून नव्यानं मोजली जाते. दारात माणसं बसवण्यापेक्षा आधी वही उघडून शेवटच्या सहीची तारीख बघा.