मटण घ्यावं की मटणासारखं?

रविवारी सकाळी पिशवी घेऊन खाली उतरलेल्या पुणेकराला हल्ली दोन रस्ते दिसतात. एक मटणाच्या दुकानाकडे जातो, तिथे पंधरा माणसं आधीच उभी असतात. दुसरा मॉलमधल्या, सोयाचं नकली मटण ठेवलेल्या फ्रीझरकडे जातो, तो अकराशिवाय उघडत नाही. घाईत भलतीकडे वळलात तर दुपारच्या जेवणाचं आणि आठवडाभराच्या गृहशांतीचं काय होईल ते सांगता येत नाही, म्हणून हे मार्गदर्शन. पुण्यात पत्ता विचारला तर मिळत नाही, सल्ला मात्र न विचारता मिळतो. त्याच परंपरेतला हा समजा.

सगळ्यात आधी, हा निर्णय जिभेवर सोडू नका. जीभ अडाणी असते, तिला वार कळत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघा. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या तीन वारांत संकष्टी किंवा एकादशी आली नाही आणि सासूबाईंना ऐनवेळी काही आठवलं नाही, तर तेवढे दिवस तुम्ही मांसाहारी आहात. बाकीचे दिवस स्वतःला 'पर्यायी प्रथिनांकडे वळलेला जागरूक ग्राहक' म्हणवून घ्या. माणूस तोच, पातेलं तेच, फक्त वार वेगळा.

आखाड संपत आला की मात्र सोयाचं नावही काढू नका. दीप अमावास्येच्या अलीकडच्या रविवारी कुठल्याही पेठेत मटणाच्या रांगेत उभे राहा, शाळेतले वर्गमित्र, बँकेतले साहेब आणि मधुमेहावर व्याख्यान देणारे डॉक्टर एकाच ठिकाणी भेटतील. रांगेत पुढचा माणूस "बोल्हाईचं आहे ना?" असं विचारताना ऐकलंत तर हसू नका. हवेली तालुक्यात वाडेबोल्हाईला देवीचं ठाणं आहे, आणि तिला मानणारी घरं बोकड-शेळीचं मटण खात नाहीत, मेंढीचं खातात. त्यांच्यासाठी दुकानावर तशी पाटीच असते. एका मटणाला दुसऱ्या मटणाचा पर्याय आमच्या जिल्ह्यात देवीने केव्हाच देऊन ठेवला आहे. कंपन्या आत्ता आल्या.

मग श्रावण. आता फ्रीझरकडे वळायला हरकत नाही. चिकनसारखा दिसणारा, चिकनसारखा लागणारा, चिकन नसलेला कबाब श्रावणात चालतो का, अशी शंका मनात आली असेल तर पाकीट बघा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी खूण पूर्वी तपकिरी ठिपक्याची होती, २०२१ पासून ती तपकिरी त्रिकोणाची आहे. २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम आले आणि त्यांना वेगळं हिरवं चिन्ह मिळालं. एवढी भूमिती सरकारने करून दिल्यावर तुमच्या सद्सद्विवेकबुद्धीला काही काम उरत नाही. आमच्या आजीने मात्र हे पाकीट चष्मा लावून वाचलं, खाली ठेवलं आणि म्हणाली, "तोंडात काय गेलं ते हे सांगेल. मनात काय होतं ते मला कळतंय."

आजीपुढे बोलायची सोय नाही, पण तिच्या एकादशीच्या ताटाकडे एकदा नीट बघा. वऱ्याचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची पुरी, शेजारच्या काकूंनी पाठवलेली उपासाची इडली. तुळशीबागेत गेलात तर उपासाची मिसळसुद्धा मिळेल. भातासारखा दिसणारा, भातासारखा कालवून खाल्लेला, पण भात नसलेला भात जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिटक्या मारत खातात, त्यांना नकली कबाबाचं तत्त्वज्ञान शिकवायला कॅलिफोर्नियाहून कुणी यायची गरज नव्हती.

पण आले. २०१६ मध्ये तिथल्या दोन कंपन्यांनी बर्गरमधली मांसाची टिकी वनस्पतींपासून करून बाजारात आणली. एकीने रंगासाठी बीट वापरलं. दुसरीने सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत सापडणारं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं चुलतभावंड म्हणावं असं प्रथिन जनुकं बदललेल्या यीस्टकडून तयार करवून घेतलं आणि टिकीत घातलं. आता ती तव्यावर लालसर रस सोडते, तिकडचे लोक त्यावर खूश आहेत. हे वाचून भारावलात तर सावरा. आपल्याकडे मटण घरी आलं की पहिलं काम काय? पाणी निवळ होईपर्यंत धुणं. मग हळद, मीठ, आलं-लसूण, आणि कुकरच्या इतक्या शिट्ट्या की मटणाने स्वतःला ओळखू नये. रक्ताचा टिपूसही दिसू नये म्हणून झटणाऱ्या बाईला तुम्ही खास रक्ताळणारी टिकी महाग दराने आणून देणार? तीही टिकी तशीच धुईल. त्या टिकीत ३७० मिलिग्रॅम सोडियम असतं, ते मोरीत गेलं तर एका अर्थी बरंच.

या संशोधकांनी खरी अडचण हेरलीच नाही. मराठी माणसाला रक्त नको असतं, हाड हवं असतं. "दादा, अर्धा किलो मिक्स, नळी टाका, चरबी कमी, थोडी कलेजी," ही एवढीशी मागणी जगातली एकही प्रयोगशाळा अजून पुरवू शकलेली नाही. ताटावर नळी आपटून, ओठ लावून आतला मगज ओढण्याचा आवाज आला नाही तर रविवार उजाडला असं पाहुण्यांना वाटत नाही. त्यातल्या त्यात दिल्लीकरांनी डोकं चालवलं. त्यांच्या सोया चापमध्ये मधोमध आइस्क्रीमची काडी असते. सोयाच्या पट्ट्या तिच्याभोवती गुंडाळल्या की ते हाड. पुण्यात आता हा चाप गल्लोगल्ली मिळतो. लहान मुलं काडी चोखताना बघितली की वाटतं, आशेला जागा आहे.

आता हिशेबाचं बोलू, कारण पुणेकराला तत्त्वापेक्षा तो लवकर पटतो. मटण किलोला आठशेच्या घरात आहे. त्यामानाने वाण्याकडचे सोया चंक्स अगदीच स्वस्त. जिममधला पोरगा तुम्हाला सांगेल की शंभर ग्रॅम चंक्समध्ये ५२ ग्रॅम प्रथिनं असतात आणि मटणात जेमतेम वीस. बरोबर आहे. फक्त तो मटण ओलं मोजतो आणि चंक्स कोरडे. ते शंभर ग्रॅम पाण्यात फुगून अडीच-तीनशे ग्रॅम होतात, आणि मग वाटीला वाटी लावली तर दोघं जवळपास एका पातळीवर येतात. हे त्याला सांगू नका. त्याच्या दंडावर त्याचा विश्वास आहे, तो राहू द्या.

चंक्स की चिकन असा वाद घालणाऱ्यांना तर मी हल्ली चहाच पाजतो. सोयाबीनचं तेल काढून घेतलं की मागे जे उरतं, त्याचं पीठ करून, दाब आणि उष्णता देऊन यंत्रातून काढलं की चंक्स होतात. त्याच पेंडीत मका मिसळून कोंबडीपुढे ठेवली की सहा आठवड्यांत ब्रॉयलर होतो. म्हणजे दोन्हीकडे तुम्ही सोयाबीनच खाताय. प्रश्न एवढाच, की मध्ये कोंबडी हवी की यंत्र. यात पुण्याने कधी बाजू घेतली नाही, हे आपलं थोरपण. विधी महाविद्यालय रस्त्याच्या बाजूला आघारकर संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ सोयाबीनच्या नव्या जाती काढतात, 'एमएसीएस १४०७' ही २०२१ मध्ये जाहीर झालेली जात तिथलीच. आणि देशभर रोजचा अंड्याचा भाव सांगणारी, 'संडे हो या मंडे' म्हणणारी समितीही याच पुण्यात बसते. पुण्याच्या कोंबडी उद्योगाने तर २०१० मध्ये इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लबच विकत घेतला. सोयाच्या वडीने असं काही केल्याचं ऐकिवात नाही. अर्थात सोयाबीनचीही पत वाढते आहे. लातूर ही त्याची मोठी बाजारपेठ, आणि लातूरच्याच रितेश देशमुखांनी जेनेलियासह २०२१ मध्ये वनस्पतींपासून मांसासारखे पदार्थ करणारी कंपनी सुरू केली. आडतीवरचा माल असा पडद्यामार्गे फ्रीझरमध्ये गेला.

पर्यावरणासाठी खाणार असाल तर तुमच्याबद्दल आदर आहे. जगातल्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनातून येतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये सांगितलं होतं. बाणेरच्या हॉटेलात हा आकडा मोठ्याने सांगावा आणि मग परदेशातून गोठवून आलेली टिकी मागवावी. घरी जाताना मोटारीत एकटंच बसावं.

त्याच २०१३ साली लंडनमध्ये प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या मांसाचा पहिला बर्गर तळून खाल्ला गेला. डच संशोधक मार्क पोस्ट यांचा तो बर्गर, खर्च साधारण अडीच लाख युरो. सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये अशा चिकनच्या विक्रीला परवानगीही दिली. आपल्याकडे आलं तर ते व्हेज की नॉनव्हेज, यावर एक वसंत व्याख्यानमाला आरामात निघेल. प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ उठून "त्यात पाव धरलाय का?" असं विचारतील, ते मात्र नक्की.

तरीही सोयाच आणायचा ठरला असेल तर एक खरा सल्ला देतो, उपरोध बाजूला ठेवून. मीठ घातलेल्या पाण्यात चंक्स उकळा, गार पाण्यात टाका आणि दोन्ही हातांनी घट्ट पिळा. पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. तो कच्चा दाणेरी वास त्या पाण्याबरोबर जातो. मग दह्यात, आलं-लसणात मुरवून ठेवा. वाटण भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं, काळा मसाला घरचा, तेल हात न आखडता. एवढं केल्यावर आत सोया आहे, पाटवडी आहे की कच्चा फणस, याची चौकशी फार कमी लोक करतात.

माझ्याकडे मात्र झाली. सिंहगड रस्त्यावर एका सोसायटीत आम्ही भाड्याने राहायचो. करारावर सही करतानाच मालकांनी घसा खाकरून सांगितलं होतं, "बाकी काही नाही, फक्त इथे सगळे शाकाहारी आहेत." आम्ही मान डोलावली. त्या रविवारी हिने सोयाचा खिमा आणि चंक्सचा रस्सा केला. कांदा-खोबऱ्याचा, मसाल्याचा वास जिन्यातून खाली उतरला आणि दहा मिनिटांत बेल वाजली. दारात सोसायटीचे अध्यक्ष काका. चेहरा सर्वसाधारण सभेचा.

"जोशीबुवा, ठरलं काय होतं?"

मी आत जाऊन रिकामं पाकीट आणलं आणि हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. काकांनी ठिपका पाहिला, उलटून घटक वाचले, किंमत वाचली, मुदतही वाचली. "ते ठीक आहे," म्हणाले, "पण वास तर तोच आहे." तो वास कोणता, हे काकांना कसं माहीत, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. अनामत रक्कम आठवली. हिने प्रसंग ओळखून रश्शाची एक वाटी भरली आणि पुरावा म्हणून काकांच्या हातात दिली. "बघतो," म्हणून ते गेले.

संध्याकाळी पुन्हा बेल. वाटी घासून-पुसून, रिकामी देऊ नये म्हणून तळाशी चमचाभर साखर घालून काका उभे. जिन्यात कुणी नाही ना, हे त्यांनी वळून पाहिलं.

"रस्सा झकास होता. सोयाच होतं ना?"

"सोयाच, काका. शपथेवर."

"हं," काका वाटी माझ्या हातात देत म्हणाले, "नळी लागली नाही तेव्हाच म्हटलं."