दर वर्षी येणारा धोंड्याचा महिना

आज ऑफिसात अर्धी रजा टाकली. कारण म्हणून 'कौटुंबिक' लिहिलं. खरं लिहायचं तर 'वडिलांचा रिचार्ज 28 दिवसांचा होता, मी महिन्याचा धरून चालले' असं लिहावं लागलं असतं, आणि तेवढं लिहायला त्या रकान्यात जागा नाही.

ज्यांना बाबा माहीत आहेत त्यांना त्यांची आणि खारेगावच्या काकांची 'दोन रिंग'ही माहीत असेल. बाकीच्यांसाठी सांगते. बाबा 81 वर्षांचे, ठाण्यात नौपाड्यात एकटे राहतात, घोडबंदरला आमच्याकडे यायला तयार नाहीत ('तुमच्याकडे खाली उतरलं की फक्त मेट्रोचे खांब दिसतात'). काका म्हणजे वागळे इस्टेटच्या कंपनीतले त्यांचे जुने सोबती. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून दोघांचा नेम आहे. सकाळी सात वाजता बाबा दोन रिंग देऊन फोन कट करतात. मिनिटभराने काका तिकडून दोन रिंग देतात. झालं. याचा अर्थ, 'मी आहे.' 'मीपण आहे.' कोणीही उचलायचं नाही. उचलला तर काहीतरी झालंय असं समजायचं. अहो, आता कॉल अनलिमिटेड आहेत, उचला आणि बोला की, असं मी शंभरदा सांगितलं असेल. बाबा म्हणतात, रोज काय बोलायचं?

तर आज सकाळी सातला बाबांनी नंबर लावला आणि रिंगच्या जागी एक बाई बोलायला लागली. काय बोलली ते बाबांना नीट ऐकू आलं नाही, आलं असतं तरी ती हिंदीत बोलत होती. त्यांच्या हिशोबात बाई बोलली म्हणजे समोरचा फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बाई. काकांचा फोन चार वर्षांत सातला कधी बंद नव्हता. मग मला लावला. तिथेही बाई. म्हणजे माझाही फोन बंद! बाबांनी फोन टीव्हीवर ठेवला, 'चालतच नाही तर न्यायचा कशाला', पायात चपला घातल्या आणि निघाले.

मी तेव्हा लोकलमध्ये. भांडुपच्या अलीकडे शेजारच्या वहिनींचा फोन, 'अगं, बाबा घाईघाईने कुठे गेले? काठीपण नाही घेतली. आणि आत फोन वाजतोय.' वाजत होता कारण मीच वहिनींच्या आधी दोनदा लावला होता. हेच तर मला कळेना. येणारा फोन चालू, जाणारा बंद. म्हणजे मी इथून ओरडू शकत होते, बाबा तिथून हाक मारू शकत नव्हते.

भांडुपला उतरले, उलटी गाडी पकडली. त्या वीस मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते इथे लिहित नाही.

आता प्लॅनबद्दल. बाबांकडे बटणाचा फोन आहे. त्यात नेट नाही, म्हणजे असेल कुठेतरी, पण बाबांच्या बोटांना ते सापडणार नाही. त्या फोनवर मी गेली दीड वर्षं रोज दीड जीबीचा पॅक मारतेय. 28 दिवसांचे 42 जीबी. वर्षाचे साडेपाचशेच्या घरात. दोन रिंगांसाठी! रात्री बाराला तो दीड जीबी जातो कुठे, हे मला कोणी सांगाल का? न वापरलेला डबा निदान गाईला तरी घालतो आपण.

आणि ते 28. मी शाळेत असल्यापासून महिना 30 किंवा 31चा आहे, फेब्रुवारी सोडून. पगार महिन्याचा, सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याचा, कामवाल्या ताईंचा हिशोब महिन्याचा. फोनचा तेवढा 28चा. 28 गुणिले 13 म्हणजे 364, करा हिशोब. 299चा पॅक असेल तर बारा महिन्यांचे 3588 व्हायला हवेत, आपण भरतो 3887. तेरावा पगार मला तरी आजवर कोणी दिलेला नाही. आपल्या पंचांगात अधिक महिना साधारण तीन वर्षांनी एकदा येतो, तोही सूर्य-चंद्राचा हिशोब जुळवायला. यांचा धोंड्याचा महिना दर वर्षी येतो. आणि वाण कोणी द्यायचं? आपणच. अनारशांसकट.

मला माहीत आहे, खाली कोणीतरी लिहिणार, 'ताई, 30 दिवसांचा प्लॅनपण असतो.' असतो. 2022 साली ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या कंपन्यांना सांगितलं, निदान एक प्लॅन 30 दिवसांचा ठेवा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा ठेवा. निदान एक म्हणजे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत बाई म्हणायच्या निदान एक पान शुद्धलेखन लिहा, तेव्हा दोन पानं लिहिणारा मुलगा पाहिलाय कोणी?

दुसरा लिहिणार, 'डेटा नसलेला प्लॅन घ्या.' तोही आहे, मान्य. 2024च्या डिसेंबरात ट्रायला नियम करावा लागला की ज्याला नुसतं बोलायचंय त्याला नुसत्या बोलण्याचा प्लॅन द्या. करावा लागला, हे पुन्हा वाचा. म्हणजे दुकानात नुसतं मीठ मागितलं तर मीठ द्या, सोबत किलोभर मैदा घ्यायला लावू नका, हे सांगायला या देशात नियम लागतो. तो प्लॅन मी आज शोधला. ॲप उघडल्यावर आधी 'लोकप्रिय', मग रोज दोन जीबी, मग तीन, मग सिनेमे-मालिकांची ॲप फुकट (फुकट!), मग क्रिकेट, मग परदेशी जाणाऱ्यांसाठी, आणि सगळ्यात खाली, एकदम तळाशी, साडेचारशे-पावणेपाचशेच्या दरम्यान 84 दिवस. तोही चारदा मारला की 336 दिवस होतात. उरलेले 29 दिवस बाबांनी काकांना काय पोस्टकार्ड टाकायचं?

बरं, डेटा आपल्याकडे जगात सगळ्यात स्वस्तांपैकी आहे, हेही खरं. 2016च्या सप्टेंबरात फुकट सिमसाठी गोखले रोडला रांग लावणाऱ्यांत मीही होते, उगाच साळसूदपणा कशाला. त्याआधी एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचो, व्हिडिओ आला की वायफायवाल्या मैत्रिणीकडे जाईपर्यंत उघडायचा नाही. ते दिवस परत नकोत. पण स्वस्त डेटा मला झाला, बाबांना नाही. बाबांचं उलट महाग झालं. त्यांना जे हवंय ते पूर्वी दहा रुपयांत मिळायचं.

खरंच मिळायचं. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे बाबा स्वतः जायचे. दहाचा छोटा रिचार्ज, हातात टॉकटाइम पडायचा 7 रुपये 47 पैसे, आणि मिस्ड कॉलला त्यातला पैसाही जायचा नाही. तोच दहाचा रिचार्ज महिनोन्‌महिने पुरायचा. मिस्ड कॉल ही आपल्या लोकांची कमाई आहे. इनकमिंगलाही पैसे पडायचे तेव्हापासूनची. स्टेशनला पोचलो, एक रिंग. खाली उभा आहे, दोन रिंग. 2003मध्ये इनकमिंग फुकट झालं तेव्हा बाबा पेढे वाटायचेच बाकी होते. मग 2018च्या शेवटाला निघालं की नाही, नंबर चालू ठेवायचा तर दर 28 दिवसांनी निदान 35 रुपये टाका. 35 म्हणजे काही फार नाही, असं मीच तेव्हा बाबांना म्हणाले होते. मीच. मग त्या 35चं काय काय होत गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. 2024च्या जुलैत तर 3 तारखेला दोन कंपन्यांनी दर वाढवले आणि 4 तारखेला तिसरीने. एकाच वाडीत राहत असल्यासारखं. शेजारणीने पापड घातले की आपणही घालायचे.

'मग पोर्ट करा.' कुठे? 2011 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, 1900ला मेसेज टाकला की काम सुरू होतं, छान सोय आहे. पण एका चाळीतून उठून दुसऱ्या चाळीत जायचं आणि भाडं तेवढंच, तर सामान हलवायचं कशाला?

मुद्दा पैशांचा नाहीये हो. म्हणजे आहेच, पण माझ्याकडे पैसे आहेत, मी भरते. मुद्दा हा की पूर्वी बाबा स्वतःचा फोन स्वतः चालवायचे. दहाची नोट द्यायची, दुकानदाराशी चार शब्द बोलायचे, मेसेज आला की चष्मा लावून वाचायचा. आता रिचार्ज माझ्या ॲपमध्ये. त्यांचा फोन कधी बंद पडणार हे मला माहीत, त्यांना नाही. आणि आज मलाही माहीत नव्हतं.

कंपनीने मेसेज पाठवले नव्हते का? पाठवले होते. दुपारी बाबांचा फोन उघडून पाहिला. संपायच्या आधी तीन दिवसांपासून रोज, इंग्रजीत, आणि त्यांच्या वर-खाली लॉटरी, कर्ज, कॉलर ट्यून, पुन्हा कर्ज. इनबॉक्स भरून वाहतोय. त्यात ते तीन मेसेज म्हणजे जांभळी नाक्याच्या गर्दीत कोणीतरी हळूच 'अहो' म्हणावं तसं.

खारेगावला पोचले तेव्हा साडेनऊ होत आले होते. दार उघडंच होतं. आत दोघं म्हातारे समोरासमोर बसून चहात खारी बुडवत होते. मला बघून काका म्हणाले, 'ये गं. तुझा बाप मला पोचवायला आलाय.'

आणि दोघं हसायला लागले. मला हसू आलं नाही. बाबांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. कळवा पुलावर ट्रॅफिक होता म्हणून रिक्षा सोडून मधला टप्पा चालत आले होते. काठीशिवाय. काका सांगत होते, 'सातला रिंग आली नाही, म्हटलं झोपला असेल. साडेसातला म्हटलं, आपणच लावावा का? पण लावला आणि त्याने उचलला तर काय घ्या?' नेमच तसा ना. उचलला तर काहीतरी झालंय.

तिथूनच, काकांच्या बाल्कनीत उभं राहून, मी 198 लावला. तक्रारीचा नंबर. मराठीसाठी अमुक दाबा, अमक्यासाठी तमुक दाबा. शेवटी एक मुलगा आला लाइनवर, आवाजावरून विदर्भाकडचा वाटला. त्याच्यावर मी जे तोंड सोडलं ते आठवून आता लाज वाटतेय. तो शांतपणे म्हणाला, 'मॅडम, 28 दिवस तिथे लिहिलेलं असते.' असते. बरोबर आहे त्याचं. लिहिलेलं असतं, मी वाचलंही होतं, आणि तरी दर वेळी डोक्यात महिना असाच शब्द येतो, कारण 28 दिवसांना आपल्या भाषेत दुसरा शब्दच नाही. तो मुलगा महिन्याला काय कमवत असेल कोण जाणे. त्याचा पगार तरी 28 दिवसांनी होतो का, विचारायचं राहिलं. दादा, वाचत असशील तर सॉरी. तुझ्यावर नव्हता राग.

थोडा माझ्यावरच होता. दीड वर्षं मी पहिला दिसेल तो पॅक मारत होते, कारण खाली स्क्रोल करायला अर्धं मिनिट लागतं. ॲपवाल्यांना माझं ते अर्धं मिनिट नेमकं माहीत आहे.

तर आज 84 दिवसांचा, बिनडेटाचा मारला. बाबांना दाखवलं. त्यांनी विचारलं, 'म्हणजे कधीपर्यंत?' मी तारीख सांगितली. ते उठले, कॅलेंडरची पानं उलटली, लाल पेनाने गोल केला आणि शेजारी लिहिलं 'रिंग'. मग म्हणाले, त्याचं कधी संपतं तेही विचार. काकांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, 'असेल अजून, महिनाभर तरी आहे.' मी म्हटलं, बघून सांग. तो ॲप उघडून गप्पच झाला. परवा.

कॅलेंडरवर दुसरा गोल झाला.

तुमच्याही घरी, गावी, कोणाकडे बटणाचा फोन असेलच. लाइक नंतर करा, आधी त्यांची तारीख बघून या.