किंगफिशरच्या बाटलीचे पैसे मल्ल्याला जात नाहीत

विजय मल्ल्याचं नाव बातम्यांत आलं की एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरू लागतो. त्यातला दावा थोडक्यात असा: किंगफिशरची बिअर, सोडा किंवा पाणी विकत घेतलं की नफा लंडनला मल्ल्याकडे पोचतो, म्हणून बहिष्कार टाका. शिवाय अस्सल देशी कंपनी सरकारने कवडीमोलाने परदेशी कंपनीच्या घशात घातली. हे दोन आरोप एकमेकांनाच खोडतात. कंपनी परदेशी मालकाकडे गेली असेल, तर नफा मल्ल्याकडे कसा जाईल? संदेश पाठवणाऱ्यांचा राग खोटा नाही. मल्ल्याच्या विमान कंपनीपायी बँकांची कर्जं बुडाली, माणसं देशोधडीला लागली. पण राग खरा असला म्हणून माहिती खरी ठरत नाही.

आधी नफ्याचं बघू. किंगफिशर बनवते बंगळूरूची युनायटेड ब्रुअरीज. तिचे 61 टक्क्यांहून जास्त शेअर हायनेकेन या डच कंपनीकडे आहेत आणि कारभारही तिच्याच हाती आहे. मल्ल्याने मार्च 2016 मध्ये देश सोडला. जानेवारी 2017 मध्ये शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने त्याला शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचं संचालकपद भूषवायला मनाई केली आणि त्याच वर्षी तो या कंपनीच्या संचालक मंडळातून बाहेर पडला. त्याच्या आणि त्याच्या कंपन्यांच्या नावावर दहा टक्क्यांहून कमी शेअर राहिले, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण वसुली यंत्रणांच्या आदेशांमुळे त्यांवरचा लाभांश कंपनीने रोखून धरला. वार्षिक अहवालांत तशी नोंद आहे.

आता ‘कवडीमोल’. हायनेकेन काही 2021 साली अचानक उगवलेली नाही. 2008 मध्ये तिने आणि कार्ल्सबर्गने मिळून स्कॉटिश अँड न्यूकॅसल ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली, तेव्हाच त्या कंपनीकडचे युनायटेड ब्रुअरीजचे 37.5 टक्के शेअर हायनेकेनच्या वाट्याला आले. म्हणजे मल्ल्या जोरात होता तेव्हाही हा भागीदार शेजारी बसलेला होता. पुढे जून 2021 मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणामार्फत मल्ल्याकडचे जवळपास 15 टक्के शेअर विकले गेले आणि हायनेकेनने ते घेतले. रक्कम सुमारे 5,825 कोटी रुपये, एका शेअरला साधारण 1,470 रुपये. ते पैसे स्टेट बँकेच्या पुढाकारातल्या कर्जदात्या बँकांच्या वसुलीत गेले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहिष्कारवाल्यांच्या हे लक्षातच येत नाही. मल्ल्याच्या बाकीच्या मालमत्तेचं काय झालं ते पाहा. विलेपार्ल्याच्या विमानतळाजवळच्या किंगफिशर हाऊसची बोली 2016 साली 150 कोटींपासून सुरू झाली. एकामागून एक लिलाव फसले आणि शेवटी 2021 मध्ये इमारत 52 कोटींच्या आसपास गेली. गोव्यात कांदोळीचा व्हिला 2017 साली 73 कोटींना विकला गेला. विमान कंपनीचे ट्रेडमार्क बँकांनी 366 कोटींना लिलावात काढले, तर एकही बोली आली नाही. हजारो कोटी एका फटक्यात मिळाले ते बिअर कंपनीच्या शेअरमधून, कारण कंपनी चालू होती आणि माल खपत होता. लोकांनी खरोखरच बहिष्कार टाकला असता, तर शेअरचा भाव पडला असता आणि आपल्याच सरकारी बँकांची वसुली घटली असती. मल्ल्याच्या मालमत्तेतून सरकारी बँकांना 14,131 कोटी परत मिळाल्याचं अर्थमंत्र्यांनी डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत सांगितलं.

बुडाली ती किंगफिशर एअरलाइन्स. 2005 साली सुरू झालेली ही वेगळी कंपनी. नाव आणि पक्षी तेवढा सारखा. 2012 मध्ये पगार महिनोन् महिने थकले, अभियंते आणि वैमानिक संपावर गेले आणि ऑक्टोबरमध्ये परवाना निलंबित झाला. त्यानंतर हे कर्मचारी थकबाकीसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिले. फिरत्या संदेशात त्यांच्याबद्दल एक ओळही नसते, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

‘अस्सल देशी’ हेही अर्धंच खरं. 1915 साली थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने दक्षिणेतले बिअर कारखाने एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली. विजयचे वडील विठ्ठल मल्ल्या 1947 मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले. मोठी कर्तबगारी होती त्यांची, पण कंपनी त्यांनी शून्यातून उभारली नव्हती. ज्या हायनेकेनला ‘बहुराष्ट्रीय’ म्हणून शिव्या बसतात, तीही आज संस्थापकाच्या कुटुंबाच्याच ताब्यात आहे. 1864 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये ती सुरू करणाऱ्याची पणती, शार्लीन, आज प्रमुख भागधारक आहे.

सोडा आणि पाणी त्याच नावाने विकतात, कारण दारूच्या जाहिरातींना बंदी आहे. मल्ल्याचा त्यांच्या कारभाराशी आता संबंध नाही. आयपीएलमधला बंगळूरूचा संघ तर मल्ल्याच्याच युनायटेड स्पिरिट्स या मद्य कंपनीबरोबर केव्हाच डिआजिओ या ब्रिटिश कंपनीकडे गेला होता.

म्हणून कंपनीला सवालच विचारू नयेत असं नाही. सप्टेंबर 2021 मध्ये स्पर्धा आयोगाने बिअरच्या दरांत संगनमत केल्याबद्दल युनायटेड ब्रुअरीजला 751 कोटींहून जास्त दंड ठोठावला. हे संगनमत 2009 ते 2018 या काळातलं, म्हणजे हायनेकेन भागीदार असतानाचं. अपील न्यायाधिकरणानेही तो दंड उचलून धरला, त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बिअर पिणाऱ्याच्या खिशाशी थेट संबंध आहे तो याचा.

आणि मराठवाड्याशी संबंध आहे तो पाण्याचा. या कंपनीचे कारखाने तळोजाला आणि वाळूजला आहेत. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्के कपात करायला लावली. मालक डच असो की भारतीय, वाळूजला बिअरसाठी पाणी लागणारच. बड्या नोंदणीकृत कंपन्यांना वर्षभरात किती पाणी उचललं हे आता सेबीच्या नियमाने जाहीर करावं लागतं. तो आकडा वाचा, वाळूजचा वेगळा मागा आणि संदेश पाठवायचाच असेल तर तो पाठवा.